पाळण्यातले पाय: २०१८ चा एनबीए ड्राफ्ट पुन्हा लावू या का?

हुकलेला_शॉट (धागाकर्ता)
८ जुलै २०२५, रात्री ११.५२

बास्केटबॉलपटू डिआँद्रे एटन लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडे गेला. पोर्टलँडने करार गुंडाळून त्याला मोकळं केलं आणि लेकर्सनी उचललं. बातमी चार ओळींची, पण मी तिच्यापाशीच अडकलो. आता एटन आणि लुका डॉन्चिच एका संघात खेळणार. २०१८ च्या ड्राफ्टमधला पहिला आणि तिसरा.

मग मधला दुसरा कोण होता? मार्विन बॅग्ली. त्याला कुणी घेतलं? सॅक्रामेंटो किंग्जनी. त्यांचे मुख्य मालक कोण? विवेक रणदिवे, मुंबईत वाढलेले. म्हणून हा धागा थोडा घरगुती भांडणासारखा समजा.

आधी त्या वेळचं चित्र. एटन बहामाजचा, सात फूट एक इंच, अ‍ॅरिझोना विद्यापीठात सामन्याला २०.१ गुण आणि ११.६ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं). शरीर असं की शिल्पकाराने मोजून घडवलेलं. फिनिक्सला पहिला नंबर लागला होता आणि पोरगा त्याच राज्यात खेळलेला. बॅग्ली ड्यूक विद्यापीठाचा, शाळेचं एक वर्ष गाळून कॉलेजात आलेला, तरी २१ गुण, ११ रिबाउंड. उडी मारून खाली येतो न येतो तोच दुसरी उडी. ती दुसरी उडी बघून भलेभले पाघळले.

आणि लुका. तेराव्या वर्षी स्लोव्हेनियातून रेआल माद्रिदमध्ये. सोळाव्या वर्षी त्यांच्या मोठ्या संघात. २०१७ मध्ये अठरा वर्षांचा असताना स्लोव्हेनियाबरोबर युरोबास्केटचं सुवर्ण. मे २०१८ मध्ये बेलग्रेडला युरोलीगचं, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या लीगचं विजेतेपद, मोसमाचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) तोच आणि शेवटच्या चार संघांच्या फायनल फोरचाही तोच. त्यानंतर स्पेनची लीग जिंकून दोन दिवसांत न्यूयॉर्कला ड्राफ्टसाठी हजर. एकोणीस वर्षांचा पोरगा, समोर तीस-तीस वर्षांचे दाढीवाले बाप्ये, ज्यांचं घर या खेळावर चालतं. त्यांच्याविरुद्ध हे सगळं केलेलं.

आक्षेप काय होते? पळत नाही. उडी मारत नाही. अंगावर चरबी आहे. अमेरिकेतल्या पोरांपुढे टिकणार नाही.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात ना? इथे सगळे पायच बघत बसले. पाळण्यातलं पोर तोवर चालून, पळून, चार मोठ्यांना पाडून परत आलं होतं.

फिनिक्सचं तर मला अजून कोडं आहे. त्यांनी मे २०१८ मध्ये इगोर कोकोश्कोव्हला प्रशिक्षक नेमलं. हाच माणूस २०१७ मध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या स्लोव्हेनियाचा प्रशिक्षक होता! म्हणजे लुकाला ड्रेसिंग रूममध्ये रोज पाहिलेला माणूस घरात, आणि घेतला एटन.

किंग्जचा सर्वेसर्वा तेव्हा व्लादे दिवाच. सर्बियाचा. स्वतः सात फुटी सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा. लुकाच्या भाषेत बोलू शकेल असा. आणि तोच दिवाच १९९६ मध्ये एका तेराव्या नंबरच्या पोराच्या बदल्यात लेकर्समधून शार्लटला गेला होता. त्या पोराचं नाव कोबी ब्रायंट. कोवळ्या पोराची किंमत काय असते हे जगात कुणाला कळायला हवं होतं, तर या गृहस्थाला!

माझा नवा क्रम: १. लुका, २. शाई गिल्जस-अलेक्झांडर (खरा नंबर ११), ३. जेलन ब्रन्सन (खरा ३३!), ४. ट्रे यंग (५), ५. जॅरेन जॅक्सन ज्युनिअर (४), ६. मिकाल ब्रिजेस (१०). एटन सातवा. बॅग्ली पहिल्या पंधरात नाही.

या, भांडू या.

चिंचगूळ
९ जुलै, सकाळी ७.१०

मी बास्केटबॉल बघत नाही, नवरा बघतो. धागा वाचला कारण "पाळण्यातले पाय" म्हणजे बाळंतिणीचा काही विषय असेल असं वाटलं. आता वाचलाच आहे तर विचारते. ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव का? आणि वाईट खेळलेल्या संघाला पहिला नंबर का? आमच्या शाळेत नापासाला मागचा बाक मिळायचा.

रात्रपाळी
९ जुलै, सकाळी ७.३५

@चिंचगूळ, लिलाव नाही, रांग आहे. तीस संघ, दोन फेऱ्या, साठ नावं. हरणाऱ्याला आधी उचलू द्यायचं म्हणजे पुढेमागे तो सुधारेल, अशी कल्पना. पण मग लोक मुद्दाम हरायला लागतात, म्हणून प्लेऑफ हुकलेल्या चौदा संघांत सोडत काढतात. २०१८ मध्ये सर्वांत वाईट संघाला पहिल्या नंबरची संधी २५ टक्के होती, पुढच्या वर्षीपासून तळाच्या तिघांना प्रत्येकी १४. पहिल्या फेरीतल्या पोरांचा पगार नंबरावरून ठरलेला असतो, बोली लागत नाही. आणि पोराला विचारत कुणी नाही. ज्याने नाव पुकारलं त्याच्या गावी जायचं.

चिंचगूळ
९ जुलै, सकाळी ७.४१

म्हणजे बदलीची सरकारी नोकरी. कळलं. चालू द्या.

आकडेमोड
९ जुलै, दुपारी १.१५

धागा चांगला, पण धागाकर्त्याने बॅग्लीवर "दुसरी उडी" एवढंच लिहून सोडलंय. मला वाटतं खरी गोष्ट त्याच्या फ्री थ्रोमध्ये (फाउलनंतर मोकळा टाकायला मिळणारा चेंडू) होती आणि ती सगळ्यांना दिसत होती.

ड्यूकमध्ये बॅग्लीने तिनाचे, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून टाकलेले तीन गुणांचे शॉट, जवळजवळ ४० टक्के टाकले. यावर लोक म्हणाले, बघा, एवढा उंच पोरगा बाहेरूनही टाकतो! पण ते ४० टक्के किती प्रयत्नांवर? सगळा मोसम मिळून ५८. सामन्याला दोनसुद्धा नाहीत. पाच-सहा चेंडू इकडचे तिकडे पडले असते तर आकडा तिशीत आला असता. फ्री थ्रो मात्र त्याने दोनशेच्या आसपास मारले आणि टक्केवारी ६३ च्या आत. समोर कुणी नाही, अंतर ठरलेलं, घाई नाही. तिथे हात कसा सुटतो तोच हाताचा खरा स्वभाव. म्हणून पोर पुढे बाहेरून टाकणार का, हे ठरवताना कॉलेजच्या तिनाच्या टक्क्यांपेक्षा फ्री थ्रोकडे बघणारे जाणकार बरेच आहेत. बॅग्ली एनबीएत आला आणि तिनाचे टक्के तिशीच्या आसपास रेंगाळले.

उलट ट्रे यंग. ओक्लाहोमात फ्री थ्रो ८६ टक्के. तो त्या वर्षी सगळ्या देशात गुणांतही पहिला आणि असिस्टमध्येही (गुण मिळवून देणारे पास) पहिला. दोन्ही एकाच मोसमात आधी कुणाला जमलं नव्हतं. तिनाचे टक्के ३६ च होते, पण तो मध्यरेषेच्या अलीकडून, दोन माणसं अंगावर घेऊन टाकत होता. त्या ३६ ची आणि बॅग्लीच्या ४० ची तुलनाच करू नये.

दुसरी गोष्ट वय. कागदावर सगळे "एका वर्षाची" पोरं. प्रत्यक्षात एटन जुलै १९९८ चा, जॅरेन जॅक्सन सप्टेंबर १९९९ चा. चौदा महिन्यांचा फरक. त्या वयात चौदा महिने म्हणजे खांदे वेगळे. माझ्या वहीत मी वय वजा केल्याशिवाय गुण मोजत नाही.

खवट_म्हातारा
९ जुलै, दुपारी ४.०२

सात वर्षांनी निकाल बघून पेपर सोडवायला काय जातंय? उंटावरून शेळ्या हाकणं आहे हे.

१९८४ ला पोर्टलँडने दुसऱ्या नंबरला सॅम बोवी घेतला आणि तिसरा मायकल जॉर्डन गेला. आज सगळे हसतात. पण पोर्टलँडकडे आदल्याच वर्षी घेतलेला क्लाइड ड्रेक्सलर होता, जॉर्डनच्याच जागेवर खेळणारा, आणि त्यांना हवा होता सेंटर. त्या दिवशी त्या खोलीत बसलेला माणूस मूर्ख नव्हता. २००३ ला लेब्रॉननंतर डार्को मिलिचिच, मग कार्मेलो, बॉश, वेड. २०१३ ला पहिला अँथनी बेनेट, आणि पंधरावा ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीत खेळणारा एक काटकुळा पोरगा, पुढचा एमव्हीपी यानिस अँटेटोकूम्पो, ज्याचं आडनाव कुणाला उच्चारता येत नव्हतं. २०१४ ला ४१ व्या नंबरला योकिच, तोही पुढचा एमव्हीपी. त्याचं नाव जाहीर झालं तेव्हा टीव्हीवर फास्ट फूडची जाहिरात चालू होती.

आता मला सांगा, योकिचला आकडेमोडने वहीत कितवा ठेवला असता?

आकडेमोड
९ जुलै, दुपारी ४.३०

२०१४ ला मी बारावीत होतो काका. वही फिजिक्सची होती.

सॅक्रामेंटोकर
९ जुलै, रात्री ९.४८ (इथली सकाळ)

मी सॅक्रामेंटोपासून वीस मिनिटांवर राहतो, त्यामुळे जखमेवर मीठ चोळल्याबद्दल सर्वांचे आभार.

पण दोन गोष्टी सांगतो, ज्या बाहेरून दिसत नाहीत. सोडतीत आमचा संघ सातव्या जागेवर होता आणि उडी मारून थेट दुसरा आला. त्या रात्री इथे दिवाळी. बारा वर्षं प्लेऑफ नाही. (ते पुढे सोळा झाले. २०२३ ला सुटका झाली. एनबीएच्या इतिहासातला सर्वांत लांब दुष्काळ.) आदल्या वर्षी आम्ही पाचव्या नंबरला डिअ‍ॅरन फॉक्स घेतला होता. वाऱ्यासारखा पळणारा पॉइंट गार्ड, चेंडू त्याच्याच हातात हवा. लुकालाही चेंडू हातात हवा. मग एका म्यानात दोन तलवारी कशाला, फॉक्सबरोबर पळणारा उंच पोरगा घेऊ, असा तो हिशोब. खवट काकांनी सांगितलेला पोर्टलँडचा हिशोब आणि हा, एकच आहेत बघा. चौतीस वर्षांत कुणी काही शिकलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पहिल्या मोसमानंतर कुणीही "चुकलं" म्हणत नव्हतं! किंवा फार थोडे. २०१९ चा पदार्पणवाल्यांचा पहिला संघ, म्हणजे नवख्यांतले निवडक पाच, आठवा: एटन, बॅग्ली, लुका, जॅक्सन, यंग. ड्राफ्टचे पहिले पाच, जसेच्या तसे. क्रम लावणाऱ्यांना तेव्हा पैकीच्या पैकी गुण होते. बॅग्लीची दुखापत दुसऱ्या वर्षी. पहिल्याच सामन्यात अंगठा मोडला, मग पाऊल. अख्ख्या मोसमात १३ सामने. चूक किती आणि दुर्दैव किती, हे मला आजही वेगळं करता येत नाही.

रणदिव्यांबद्दल. माणूस हौशी आहे हे खरं. मुलीच्या बारा-तेरा वर्षांच्या संघाला त्यांनी पूर्ण कोर्टभर दाबून खेळायला लावलं आणि राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत नेलं, ही गोष्ट इथे प्रत्येकाला पाठ आहे. २०१४ च्या ड्राफ्टला तर किंग्जनी चाहत्यांतल्या आकडेबहाद्दरांनाच विश्लेषणासाठी हाक दिली होती. म्हणजे आकडेमोडसारख्यांना. मग आठव्या नंबरला निक स्टॉस्कस घेतला. पुढचं विचारू नका.

हुकलेला_शॉट
९ जुलै, रात्री १०.२०

@सॅक्रामेंटोकर, मीठ नाही रे, लिंबू समज.

पदार्पणवाल्या संघाची आठवण चपखल. ते पाचही जण त्यात होते हे मी पार विसरलो होतो.

अवांतर: ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि पेसर्स खेळले तेव्हा मी दुसऱ्या दिवशीच्या सामन्याला होतो. नागपाड्याच्या कोर्टावर ज्यांच्यासोबत वाढलो ते तिघे बरोबर. पेसर्सनी १३० विरुद्ध १०६ ने धुतलं. आमच्यातला एक जण पूर्ण वेळ एकच घोकत होता, "इथे लुका दिसला असता रे." सराव सामना होता, पण एनबीएचे दोन संघ मुंबईत, आणि एकाचा मालक मुंबईचा. डोळ्यांत पाणी आलं होतं खरं. तिकिटाच्या दरानेही आलं असेल.

पीटीचे_सर
१० जुलै, पहाटे ५.२५

नागपूरहून लिहितो. चौतीस वर्षं शाळेत पोरं निवडली, त्यामुळे या विषयावर बोलायचा हक्क आहे असं समजतो, आणि चुका केल्यात त्यामुळे जास्तच.

निवड चाचणीला शंभर पोरं येतात. वेळ दोन तास. माणूस काय करतो? उंच पोरं बाजूला काढतो. त्यात वाईट हेतू नसतो. शॉट शिकवता येतो, पास शिकवता येतो, उंची शिकवता येत नाही, हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं. एका वर्षी मी एक सव्वासहा फुटी पोरगा घेतला आणि एक बुटका सोडला. बुटक्याची खोड अशी की तो चेंडू आल्यावर बघायचा नाही, येण्याआधी बघायचा. मान सारखी फिरायची. मला वाटलं लक्ष नाही. दोन वर्षांनी तो दुसऱ्या शाळेतून आमच्याविरुद्ध खेळला. आम्ही बावीसने हरलो. उंच पोरगा तोवर व्हॉलीबॉलला गेला होता.

ते मान फिरवणं म्हणजेच लुका. उडी टेपने मोजता येते, मान फिरवणं कुठल्या टेपने मोजायचं?

शिकागोला ड्राफ्टआधी जो मोजणीचा मेळा भरतो त्यात उंची, पसरलेल्या हातांची लांबी, उडी, धाव, सगळं मोजतात. २००७ मध्ये, तेव्हा तो ऑर्लँडोला भरला होता, तिथे १८५ पौंडांचा, म्हणजे ८४ किलोचा बार छातीवरून एकदाही न उचलता आलेला पोरगा कोण होता माहीत आहे ना? केविन ड्युरंट, पुढचा एमव्हीपी. आणि २०१८ च्या मेळ्यात हातांच्या लांबीचा विक्रम केला मो बांबाने, सात फूट दहा इंच. सहाव्या नंबरला गेला. एवढे लांब हात, पण पुढे सात वर्षांत त्या हातांना फारसं काही लागलं नाही.

रात्रपाळी
१० जुलै, सकाळी ६.५०

सर, दंडवत. पण मोजमाप अगदीच टाकाऊ नाही हो. शाई गिल्जस-अलेक्झांडरचंच बघा. साडेसहा फुटांचा गार्ड, हात पसरले की जवळजवळ सात फूट. केंटकीत मोसमाच्या सुरुवातीला तो पहिल्या पाचातसुद्धा नव्हता. शार्लटने अकराव्याला घेतला आणि त्याच रात्री क्लिपर्सना देऊन टाकला. बदल्यात बारावा, म्हणजे माइल्स ब्रिजेस, आणि दुसऱ्या फेरीतले दोन नंबर. पहिल्या वर्षी सामन्याला १०.८ गुण. तेव्हा कुणी म्हणालं असतं का की हा २०२५ चा एमव्हीपी? सामन्याला ३२.७ गुण, विजेतेपद, फायनलचा एमव्हीपी, सगळं एका मोसमात. गेल्याच महिन्यात बघितलं आपण.

म्हणून धागाकर्त्याच्या क्रमाला माझा पहिला विरोध: शाई एक, लुका दोन. लुका फायनलपर्यंत पोचला, शाईने कप आणला.

दुसरा विरोध मोठा आहे. आपण सगळे असं बोलतोय जणू पोरगा म्हणजे बी, आणि बियात सगळं ठरलेलं. जमिनीचं काय? शाईला २०१९ मध्ये पॉल जॉर्जच्या सौद्यात ओक्लाहोमा सिटीला पाठवलं. तिथे त्याला सांगितलं, घे चेंडू, हरलो तरी चालेल. पहिलं वर्ष सोडलं तर पुढचे दोन मोसम ते हरतच होते. क्लिपर्समध्ये कवाय लेनर्डच्या शेजारी कोपऱ्यात उभा राहिला असता तर आज तो शाई असता? ब्रन्सनचंही तेच. डॅलसमध्ये लुकाच्या सावलीत चार वर्षं, मग न्यूयॉर्कला जाऊन राजा. बॅग्ली एखाद्या शांत, सांभाळून घेणाऱ्या गावात गेला असता तर?

आकडेमोड
१० जुलै, सकाळी ९.०५

बी आणि जमीन पटलं. पण ब्रन्सन ३३ व्याला जाणं हे जमिनीचं पाप नाही, डोळ्यांचं आहे. विलानोव्हाबरोबर दोनदा राष्ट्रीय विजेता, २०१८ चा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. आक्षेप दोनच. उंची सहा फुटांच्या थोडी वर आणि कॉलेजात तीन वर्षं काढलेली, म्हणजे "वाढ संपली". एकवीस वर्षांच्या पोराची वाढ संपली!

इथे माझ्याच वहीवर शाई सांडतो. मी वय वजा करतो म्हणालो होतो ना? त्याच वजाबाकीने ब्रन्सन खाली गेला. आणि फ्री थ्रोचा नियम लुकाला लावला तर तोही नीट बसत नाही. एनबीएतल्या पहिल्या वर्षी त्याचे फ्री थ्रो ७१ टक्के होते. तरी तो तिनाचे टाकतो आणि पडतात.

खवट_म्हातारा
१० जुलै, सकाळी ९.३०

नियम मोडला की "अपवाद", जुळला की "बघा, मी म्हणत होतो". आमच्या गल्लीतला ज्योतिषीही असाच.

सॅक्रामेंटोकर
१० जुलै, सकाळी १०.१५

एटनला सातवा ठेवला हे मात्र मान्य नाही. २०२१ च्या पश्चिम विभागाच्या फायनलमध्ये ०.७ सेकंद उरलेले असताना संघातल्याच जे क्राउडरने बाहेरून फेकलेला चेंडू रिंगच्या वर हवेत झेलून आत घातला तो हाच. त्या वर्षी फिनिक्स फायनल खेळलं. एटन वाईट नव्हताच. त्याच्या मागे एक नंबर सोडून लुका होता, एवढाच त्याचा गुन्हा. पोराने स्वतः तर नाही ना सांगितलं मला पहिला घ्या म्हणून?

आणि अटलांटाचं कुणीच बोललं नाही! त्यांनी लुकाला प्रत्यक्ष घेतला होता. त्याच रात्री डॅलसला देऊन यंग आणि पुढच्या वर्षीचा एक नंबर घेतला. २६ जानेवारी २०२४ ला लुका अटलांटात जाऊन अटलांटाविरुद्धच ७३ गुण करून आला. त्या हॉलमध्ये बसलेल्यांना मी मनातल्या मनात मिठी मारली होती.

हुकलेला_शॉट
१० जुलै, रात्री ११.३०

सगळ्यांचं वाचलं. एटनला मी सहावा करतो, मिकाल ब्रिजेस सातवा. (मिकालवर लिहायचं राहिलं. पोराने एनबीएत आजवर एकही सामना चुकवलेला नाही. उपलब्ध असणं हेही कसबच आहे. ड्राफ्टच्या आधी कुणी ते मोजलं होतं का? त्याला तर त्याच्या गावच्या फिलाडेल्फियाने घेतलं, त्याची आई त्याच संघाच्या कंपनीत नोकरीला, आणि तासाभरात फिनिक्सला धाडलं.) शाई एक की लुका एक, यावर झोप आल्यामुळे निर्णय उद्या.

रात्रपाळीचा जमिनीचा मुद्दा मी मानतो, पण अर्धाच. लुकाला डॅलसऐवजी कुठेही टाकला असता तरी तो लुकाच झाला असता असं मला वाटतं, कारण तो तयार होऊनच आला होता. शाईचं तसं नाही. बॅग्लीचं तसं नाही. माझं म्हणणं एवढंच की मोठ्यांत खेळून दाखवलेला आणि पुढे दाखवेल असं वाटणारा, हे दोघे एका रांगेत उभे असले तर दाखवलेल्याला पुढे काढा. त्यात जमिनीचा जुगार कमी. २०१८ ला हे उलटं झालं कारण त्याने ते दाखवलं होतं स्पेनमध्ये, आणि अमेरिकेत माद्रिदपेक्षा ड्यूकचं कौतुक जास्त.

आपल्याकडचं उदाहरण सतनाम सिंग. पंजाबच्या बल्लो के गावचा, सात फूट दोन इंच, चौदाव्या वर्षी फ्लोरिडातल्या अकादमीत. २०१५ मध्ये डॅलसने ५२ व्याला घेतला, ड्राफ्ट झालेला पहिला भारतीय. त्या रात्री आम्ही नाक्यावर पेढे वाटले. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. उंची होती, मेहनत होती, पण त्याच्या वाढीच्या वयात त्याच्याविरुद्ध खेळायला त्याच्या ताकदीचं होतं कोण?

खवट_म्हातारा
११ जुलै, सकाळी ८.००

भाषण झालं. आता हिंमत असेल तर पंधरा दिवसांपूर्वी झालेल्या २०२५ च्या ड्राफ्टचा क्रम लावा. इथेच, तारखेनिशी. सात वर्षांनी मी धागा वर काढेन. मी नसलो तर नातू काढेल, पासवर्ड देऊन ठेवतो.

हुकलेला_शॉट
११ जुलै, सकाळी ८.४५

घ्या. १. कूपर फ्लॅग, २. डिलन हार्पर, ३. व्हीजे एजकोम, ४. कॉन क्नुपल, ५. ट्रे जॉन्सन. एस बेली माझ्या पाचात नाही. सहा फूट दहा इंच म्हणून वर्षभर ओरडले आणि शिकागोत बूट काढून उभा केला तर सहा फूट साडेसात. इंचांचं सोडा, पण हार्पर आणि बेली दोघे एकाच रटगर्सच्या संघात होते आणि संघ निम्मे सामनेही जिंकला नाही. हार्परचा खेळ मला त्यातही दिसला, बेलीचा फक्त शॉट दिसला.

फ्लॅगबद्दल एक भीती. ड्यूकचा. शाळेचं वर्ष गाळून आलेला. ओळखीचं वाटतंय का कुणाला?

आकडेमोड
११ जुलै, सकाळी ९.१०

वाटतंय, पण फ्लॅगचे फ्री थ्रो ८४ टक्के आहेत. झोपा शांत.

माझा क्रम: १. फ्लॅग, २. क्नुपल, ३. हार्पर, ४. एजकोम, ५. डेरिक क्वीन. हसा. क्नुपलचे फ्री थ्रो ९१ टक्के, तिनाचे ४० च्या वर, आणि चेंडू हातात ठेवून बसत नाही. "पळत नाही, उडी मारत नाही" हे त्याच्याबद्दलही म्हणतायत, म्हणून मुद्दामच.

रात्रपाळी
११ जुलै, सकाळी ९.२२

क्नुपल दुसरा?! हे वाक्य मी स्क्रीनशॉट काढून ठेवलंय. हरलास तर सात वर्षांनी सगळ्यांना मिसळ, एक्स्ट्रा पावासकट. माझा पैज-क्रम: फ्लॅग, हार्पर, बेली, एजकोम, फिअर्स. हो, बेली तिसरा. डोळे आहेत मला.

चिंचगूळ
११ जुलै, सकाळी १०.०५

नवऱ्याला विचारलं, तो म्हणे तो चिनी पोरगा यांग हानसेन, सोळाव्याला गेला, सगळे हसले म्हणे त्याच्यावर. सात फूट एक इंच आणि पास सुंदर देतो. माझा घोडा तो. मिसळ मला तिखट चालते.

सॅक्रामेंटोकर
११ जुलै, सकाळी ११.४०

आमच्या संघाने ज्याला सोडलं असेल तो. नाव नंतर सांगतो.

पीटीचे_सर
११ जुलै, रात्री ८.५५

मी पैज लावत नाही, पेन्शनवर आहे.

आज नवीन तुकडीची चाचणी होती. तुमचा धागा डोक्यात होता, म्हणून ठरवूनच गेलो की उंचीकडे बघायचं नाही. सगळ्यांना आधी तीनावर तीन खेळायला सोडलं आणि मी फक्त माना बघत बसलो. एक बारा वर्षांचा पोरगा, खांद्याएवढाही नाही माझ्या, पण चेंडू यायच्या आधी दोनदा मागे बघतो. घेतला लगेच.

जाताना मात्र न राहवून बुटाचा नंबर विचारला. दहा म्हणाला.

खवट_म्हातारा
११ जुलै, रात्री ९.०१

सर, तुम्ही काही सुधारत नाही.